मुलाणीकाकांच्या लाल चिठ्ठ्या

मुलाणीकाकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या उंचीचा. नाव, गाव, कंपनी हे सगळं नंतर. मी पाठीवरची सॅक खाली ठेवत होतो, तेवढ्यात समोरच्या खालच्या कॉटवरून साठीचे एक गृहस्थ उठले. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला स्टीलची मोजपट्टी आणि दोन पेनं.

"उंची किती?"

"पाच फूट अकरा."

त्यांनी मोजपट्टी काढली, मला मिळालेल्या वरच्या कॉटची लांबी मोजली, पुन्हा एकदा मोजली आणि मान हलवली. मग खिशातून लाल कागदाची एक चिठ्ठी काढून तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि ती दोऱ्याने कॉटच्या पायाला बांधली. मी वाकून वाचली. 'माणूस जास्त. कॉट कमी.' खाली तारीख, वेळ आणि सही.

"म्हणजे मी इथं झोपायचं नाही का?" मी विचारलं.

"झोपा की. मी फकस्त नोंद केली. मापात न्हाई."

मी परभणीचा. आमच्या कंपनीने चाकणच्या एका कारखान्यात नवीन संगणक प्रणाली बसवण्याचं काम घेतलं होतं आणि त्यासाठी मला तीन महिने तिकडे धाडलं होतं. तीन महिन्यांसाठी कुणी फ्लॅट देईना. शेवटी मोशीतलं हे हॉस्टेल सापडलं. नाव 'द भटका'. पाटी इंग्रजीत असल्यामुळे रिक्षावाले त्याला 'फटाका' म्हणायचे आणि बरोबर आणून सोडायचे.

पाच वर्षांपूर्वी त्या जागेवर कांद्याचं वावर होतं. वावराचे मालक तात्या. त्यांची मुलगी सानिका पर्यटनाचा कोर्स करून आली आणि तिने बापाकडून ही इमारत बांधून घेतली. तिच्या ओळखपत्रावर 'व्यवस्थापक' असं नव्हतं. 'अनुभव-प्रमुख' असं होतं. हॉस्टेल भटक्या प्रवाशांसाठी आहे, असं तिचं म्हणणं. खोल्यांना डोंगराळ आणि समुद्रकाठच्या गावांची नावं दिली होती. माझी खोली गोकर्ण. तिच्या खिडकीतून ट्रक दुरुस्तीचं गॅरेज दिसायचं.

प्रवासी मात्र सगळे आमच्यासारखे. कुणी मुलाखतीला आलेला, कुणी ट्रेनिंगला, कुणी आपल्या कंपनीचा नाकारलेला माल परत न्यायला. लॉबीत जगाचा मोठा नकाशा होता आणि 'तुम्ही कुठून आलात, तिथे टाचणी लावा' अशी विनंती. सगळं जग कोरं होतं. फक्त बीड, लातूर, नांदेड आणि जळगाव एवढ्या भागात टाचण्या टोचून टोचून कागदाला भोक पडलं होतं.

सजावटीचा विषय होता 'कारखाना'. भिंतींना मुद्दाम गिलावा केला नव्हता. दिवे पाइपांना लटकत होते, टेबलं ऑइलच्या पिंपांची होती आणि वर उघडे नळ आणि वायरी. मुलाणीकाका म्हणायचे, "माणूस आठ तास कारखान्यात काढून येतोय आन् हितं बघतोय तर आणखी एक कारखाना. हितला ओव्हरटाइम कोण देणार?"

काका एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत शेवटच्या तपासणीला होते. तीस वर्षं. माल तयार झाला की गाडीत भरण्याआधी तो त्यांच्या टेबलावरून जायचा. चांगला असेल तर पुढे, नसेल तर लाल चिठ्ठी. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचं एक खोकं त्यांनी स्वतःच मागून घेतलं. आता ते खोकं गोकर्ण खोलीत त्यांच्या कॉटखाली होतं.

माणसांना ते गावाच्या नावाने हाक मारायचे. माल कुठून आला हे नोंदवायचं, ही सवय. मी 'परभणी'. माझ्या शेजारचा 'भुसावळ'. एकाच वेळी दोन नांदेड आले तेव्हा त्यांनी एकाला 'नांदेड जुना' आणि दुसऱ्याला 'नांदेड नवा' केलं. नवा नांदेड वयाने मोठा होता, तो थोडा नाराज झाला.

सकाळी चहा घेताना ते कप डोळ्यांसमोर धरायचे. आठ कपांत चहाची पातळी एकसारखी नसली की चहावाल्या मावशींना शांतपणे सांगायचे, "तिसऱ्यात बोटभर कमी." लॉबीतला आरसा सानिकाने कलात्मक म्हणून तिरका टांगला होता. काका रोज तो सरळ करायचे, ती रोज तिरका करायची. दोघांनीही याबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द काढला नाही. लॉबीत बसायला जमिनीवर टाकलेल्या मऊ पिशव्यांवर, म्हणजे बीन बॅगांवर, मात्र ते कधी बसले नाहीत. "ज्याच्यावर बसल्यावर दुसऱ्यानं हात दिऊन उठवावं लागतं," ते म्हणायचे, "ते आसन न्हाई. सापळा हाय."

शनिवारी संध्याकाळी लॉबीत कविता वाचायचा कार्यक्रम असे. एकदा भुसावळने आपली कविता वाचली. विषय एकटेपणा. ऐकणारे गंभीर झाले, कुणीतरी चुटक्या वाजवल्या, कारण तिथे टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. मुलाणीकाका उठले, भुसावळच्या हातात चिठ्ठी दिली आणि जागेवर जाऊन बसले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तिसरी ओळ दुसरीपेक्षा नऊ अक्षरं जास्त. भावना ठीक.' भुसावळने ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवली. त्याच्या कवितेवर आजवर कुणी एवढं लिहिलं नव्हतं, असं तो मला म्हणाला.

तात्यांशी काकांचं चांगलं जमायचं. तात्या दिवसभर फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी घालून बसायचे. स्वतःच्याच इमारतीत आत जायला ते बिचकत. "मुलानी," ते म्हणायचे, "पोरीनं भिताडाला गिलावा करू दिला न्हाई. पावणं इत्यात आन् म्हंत्यात लय भारी. आमी सिमीटाचं पोतं आणून ठिवलंय, ते दगड झालं." काका म्हणायचे, "तात्या, दोष दिसतोय पण मालक सही करंना, आसं झालंय."

हे असंच चाललं असतं. पण सानिकाला एक दिवस निरोप आला की शहरोशहरी हॉस्टेलांत राहून त्यांचे व्हिडिओ करणारी एक बाई, जिचे लाखांनी चाहते आहेत, ती दोन दिवसांनी 'द भटका'ला येणार आहे. सानिकाची धावपळ सुरू झाली. कुंड्यांतली झाडं पुसली गेली. आणि मग तिचं लक्ष लाल चिठ्ठ्यांकडे गेलं. खिडकीच्या कडीला, गळक्या नळाला, हलणाऱ्या टेबलाला, वर जायच्या शिड्यांना, सगळीकडे चिठ्ठ्या होत्या.

"काका, दोन दिवस एवढ्या काढता का," ती अजिजीने म्हणाली. "पाया पडते."

"चिठ्ठी काढायची तर आधी दोष काढा," काका म्हणाले. "ह्याच्यात माझा इलाज न्हाई, बाळ. नियम हाय."

सानिका रडवेली होऊन गेली. ती बाई आली. सानिका तिला छताकडे बघायला लावत होती, पण बाईंना पहिल्यांदा दिसली ती नळाची चिठ्ठी. 'थेंब, मिनिटाला बावीस.' मग टेबलाची. 'एक पाय उपाशी.' मग माझ्या कॉटची. बाई हरखून गेल्या. अशी विनोदी आणि मातीतली सजावट आपण कुठे पाहिली नाही, असं त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांनी काकांना उभं करून 'मापात न्हाई' हे चार वेळा म्हणून घेतलं. काकांनी चारही वेळा ते गंभीरपणे म्हटलं, कारण त्यांच्या मागचा आरसा खरंच तिरका होता.

आठवड्याभरात 'द भटका' भरून गेलं. पुण्यातून पोरंपोरी नुसता फोटो काढायला यायला लागली. सानिकाने मग पाचशे लाल चिठ्ठ्या छापून आणल्या आणि मिळेल तिथे टांगल्या. कुंडीला, दिव्याला, साखरेच्या बरणीला. 'माझं मन मापात नाही.' 'सोमवार मापात नाही.' 'बॉस मापात नाही.' टी-शर्टवरही तेच आलं.

काकांना आधी हे कळलंच नाही. छापील चिठ्ठ्या बघून त्यांना वाटलं, आपल्या हाताखाली कुणीतरी तपासणीला लागलंय. ते उत्साहाने एकेक वस्तू बघत फिरले. कुंडीपाशी बराच वेळ उकिडवे बसून त्यांनी ती चारही बाजूंनी पाहिली.

"हिच्यात दोष काय?" त्यांनी सानिकाला विचारलं.

"काही नाही काका. ती नुसती शोभेची आहे."

"दोष न्हाई, मग चिठ्ठी कशाची?"

सानिका हसली. काका हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी चहाचे कपही पाहिले नाहीत. मावशींनी मला हळूच विचारलं, "त्यांना बरं न्हाई का? आज आठी कप कमी-जास्त होते."

माझ्या कॉटच्या शिडीला काकांनी आधीच एक चिठ्ठी लावली होती. तिसऱ्या पायरीला. 'नुसते टाके मारलेत. वेल्डिंग पुरं करा.' मी ती पायरी टाळून चढत-उतरत होतो. पण आता त्याच शिडीवर आणखी चार चिठ्ठ्या लटकत होत्या आणि त्यांतली एक माझ्या झोपेबद्दल काहीतरी विनोद करत होती. कुठली खरी आणि कुठली शोभेची, हे बघणं मी सोडून दिलं. एका सकाळी कंपनीची बस चुकू नये म्हणून घाईत उतरायला लागलो, पाय तिसऱ्या पायरीवर टाकला आणि पायरी माझ्यासकट खाली आली.

घोट्याचं हाड मोडलं. दवाखान्यात काका बरोबर होते. डॉक्टरांनी दाखवलेली एक्स-रेची फिल्म त्यांनी हातात घेतली, उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि परत दिली.  रिक्षात बसल्यावर म्हणाले, "माझी चूक झाली, परभणी. चिठ्ठी दिसंल अशी लावायला पायजे होती."

"काका, तुमची कसली चूक? तुम्ही लिहून ठेवलं होतं."

"लिवलं म्हंजी झालं व्हय? समोरच्यानं वाचलं पायजे."

आम्ही परत आलो तेव्हा सानिका लॉबीतल्या स्टुलावर चढून छापील चिठ्ठ्या तोडत होती. डोळे सुजले होते. माझ्याजवळ येऊन तिने माफी मागितली, आणि माफी मागताना ती कुठलीही प्रमुख वाटली नाही, घाबरलेली पोर वाटली. तात्या त्या दिवशी पहिल्यांदा आत आले. त्यांनी तुटकी शिडी बघितली आणि एवढंच म्हणाले, "पोरी, कांद्याच्या वखारीला सुदीक आमी यापरीस बळकट शिडी लावली व्हती." दुपारी वेल्डर आला. सगळ्या शिड्यांचं काम पुरं होईपर्यंत काका त्याच्या शेजारी उभे होते. वेल्डर वैतागला, पण शिड्या पक्क्या झाल्या.

मला तीन आठवड्यांचं प्लास्टर पडलं. खालची कॉट मिळाली, भुसावळ वर गेला. प्रश्न जेवणाचा होता. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पास्ता आणि अ‍ॅव्होकॅडो लावलेला पाव एवढंच मिळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या पायापाशी बसून बराच वेळ फोन हातात फिरवत राहिले. मग बाहेर गेले. आत येऊन म्हणाले, "डबा येतोय."

अकरा वाजता स्कूटीवरून एक तिशीची बाई आली. डोक्यावरून ओढणी, हातात चार पुडाचा डबा. तिने काकांना सलाम केला. काकांनी विचारलं, "इरफान बरा हाय?" ती म्हणाली, "दुसऱ्या शिफ्टला हायेत." तिने डबा ठेवला, माझी विचारपूस केली आणि पाच मिनिटांत गेली.

"कोण या?" मी विचारलं.

"सून. रुबीना."

"कुठून आल्या?"

"हितनंच. मोशीतनं. देवळाच्या पल्याड आमचं घर हाय."

 दीड महिना मी या माणसाच्या समोर झोपत होतो. स्वतःचं घर दोन किलोमीटरवर असताना हा माणूस इथे सहा जणांच्या खोलीत काय करतोय, हे मला कळेना. काकांनी डबा उघडला. भाकऱ्या इतक्या गोल होत्या की मोजपट्टी लावली असती तरी दोष निघाला नसता. काकांनी एकदाच भाकऱ्यांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

जेवण झाल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

"बायको होती तवर बरं होतं. मी भाकरी बघायला लागलो की ती म्हणायची, बघा आन् गिळा. ती गेल्यावर मला रिजेक्ट करणारं घरात कुणी राह्यलं न्हाई. मी निवृत्त झालो. दिवसभर घरात. हे वाकडं, ते कमी. पोरगा ऐकून सोडून द्यायचा. सून मात्र एका शब्दानं बोलायची न्हाई. भाकरी दिवसेंदिवस गोल व्हायला लागली. मला वाटलं, शिकली."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"एक दिवस पाणी घ्यायला आत गेलो. ती पाठमोरी उभी होती. भाजलेली भाकरी ओट्यावर ठिवून वर डब्याचं झाकण दाबलं आन् सुरीनं कडा कापल्या. गोल भाकरी माझ्या ताटात. कापलेल्या कडा तिनं तिथंच उभ्यानं चटणीसंगं खाल्ल्या. परभणी, माझ्या हातनं तीस वर्षांत वाईट माल बाहेर गेला न्हाई. आन् घरात मी काय करून ठिवलं होतं? चांगलं माणूस मला भिऊन कडा खात होतं."

ते पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी घरी सांगितलं होतं की एका हॉस्टेलने तपासणीसाठी सल्लागार म्हणून बोलावलंय, तिथेच राहावं लागेल. आणि बॅग घेऊन निघाले. "ही खोड मरंस्तवर जात न्हाई," ते म्हणाले. "म्हटलं, आशा जागी जाऊन ऱ्हावं, जिथं कुणी आपल्याला भीत न्हाई."



डबा रोज येत राहिला. रविवारी रुबीना आली तेव्हा काका तात्यांबरोबर फाटकाशी बोलत होते. ती माझ्या कॉटशेजारच्या खुर्चीवर टेकली आणि एकदम म्हणाली, "भाऊ, एक विचारू? अब्बांचं हितलं काम कवा संपणार?"

मला खोटं बोलणं जमलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. झाकण, सुरी, कडा. ऐकताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भिऊन न्हाई, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "माझ्या माहेरी पाच भाऊ. सगळे टीव्हीकडं बघत जेवायचे. मी नऊ वर्षांची असल्यापासनं भाकरी थापते, पण ती गोल हाय का चौकोनी, कुणी बघितलं न्हाई. हितं आल्यावर पयल्या दिवशी अब्बांनी भाकरी हातात घेतली, खिडकीकडं धरली. म्हणाले, कडा चांगली आलीय, मधी जरा जाड हाय. मला वाटलं, कुणीतरी बघतंय."

"मग कापायच्या कशाला?"

"पास व्हायचं होतं," ती म्हणाली आणि कसंनुसं हसली. "एकदा तरी पुरी पास."

मी म्हटलं, हे त्यांना सांगा. ती म्हणाली, अब्बांशी असं कसं बोलायचं.

सोमवारी ती आली तेव्हा काका खोलीतच होते. तिने स्वतः डबा उघडला, स्टीलच्या ताटलीत भाकरी ठेवली, बाजूला पिठलं वाढलं आणि ताटली त्यांच्या हातात दिली. भाकरी एका अंगाने फुगलेली, दुसऱ्या अंगाने चिरलेली होती. काकांनी ताटली घेतली, मान खाली घातली आणि खायला लागले. घासामागून घास. त्यांनी भाकरीकडे एकदाही पाहिलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. स्वतःला आवरायला त्यांना काय पडत असेल, ते मला कळत होतं.

रुबीना मात्र उभीच होती. तिचा चेहरा उतरत गेला.

"अब्बा," ती म्हणाली. "तुमी बघितलं न्हाई."

काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ताटलीत चतकोर भाकरी उरली होती. त्यांनी ती उचलली, खिडकीकडे वळले आणि उजेडात धरली. समोरच्या गॅरेजमधून हातोड्याचे आवाज येत होते. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, जसा ते तीस वर्षं फिरवत आले असतील.

"एका बाजूला जाड झालीय," ते म्हणाले.

"व्हय," रुबीना म्हणाली. "तवा वाकलाय."

"कवापासनं?"

"तुमी गेल्यापासनं."

काकांनी तो चतकोर तोंडात घातला आणि चावत चावत उठले. कॉटखाली वाकून त्यांनी बॅग बाहेर ओढली.

"आधी सांगायचं न्हाई व्हय," ते म्हणाले.